रात्री छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहावी का?

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका बाईंनी आपल्या वडिलांविषयी विचारले आहे. वडिलांचे वय ६२, मधुमेह बरीच वर्षे जुना, रक्तदाबाची गोळी चालू, विडी काही वर्षांपूर्वी सोडलेली. गेल्या तीन आठवड्यांत चार-पाच वेळा रात्री दोन-तीनच्या सुमारास छातीच्या मधोमध दाबल्यासारखे होऊन त्यांना जाग आली. उठून बसले, पाण्यात ईनो घालून घेतले, दोन ढेकर आले, की पंधरा-वीस मिनिटांत त्यांना बरे वाटते. दिवसा कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, चढउतार करताना काही होत नाही. घरातले सगळे याला पित्त म्हणतात, दवाखान्यात दिवसा काढलेला ईसीजी ‘नॉर्मल’ आला आहे आणि वडिलांना इस्पितळाचे नाव काढलेले खपत नाही. हे पित्तच असेल का, आणि पुन्हा रात्री दुखले तर नेमके काय करावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की हे पित्त असू शकते, आणि अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत शेवटी तेच निघते. परंतु साठीतल्या मधुमेही माणसाला नव्याने सुरू झालेली, विश्रांतीत असताना येणारी आणि दहा मिनिटांहून जास्त टिकणारी छातीच्या मध्यावरची दाबदुखी ही हृदयाची नाही असे तपासण्यांनी ठरेपर्यंत हृदयाचीच मानायची असते. वैद्यकात तिला ‘अनस्टेबल अंजायना’ म्हणतात. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा अस्थिर झाला आहे आणि हृदयविकाराचा झटका येण्याआधीची ही अवस्था असू शकते, असा त्याचा अर्थ. म्हणून वडिलांना पुढच्या रात्रीची वाट न पाहता आजच, ईसीजी, रक्ततपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) या तिन्ही सोयी असलेल्या इस्पितळात न्यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे सविस्तर देतो. आधी कारणांकडे पाहू, कारण घरात चाललेला ‘पित्त की हृदय’ हा वाद ज्या पुराव्यांवर चालतो, त्यांतले बहुतेक पुरावे कच्चे असतात.

सर्वांत कच्चा पुरावा म्हणजे ‘ईनो घेतल्यावर थांबले’. अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने येणारी, कळ अनेकदा पाच ते वीस मिनिटांत आपोआप ओसरते, आणि माणूस उठून, दिवा लावून, पेला शोधून, ईनो पिऊन, ढेकर देऊन स्वस्थ होईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. ढेकर आला म्हणजे गॅसच होता, असेही म्हणता येत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी झाला, तर मळमळ, ओकारी, ढेकर आणि पोटाच्या वरच्या भागात जडपणा ही लक्षणे सर्रास दिसतात, कारण हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मेंदूकडे जवळपास त्याच मज्जामार्गांनी जातात आणि कळ नेमकी कोठून आली हे मेंदूला वेगळे ओळखता येत नाही. याची उलट बाजूही आहे. अंजायनासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अन्ननलिकेचा आवळलेला स्नायूही सैल करते, त्यामुळे त्या गोळीने दुखणे थांबले म्हणून ते हृदयाचेच, असेही सिद्ध होत नाही. उठून बसल्यावर बरे वाटणे हे लक्षण आम्लपित्तात दिसते, हृदयाच्या आवरणाच्या दाहात दिसते आणि हृदयाचा पंप अशक्त झालेला असतानाही दिसते. थोडक्यात, दुखणे कशाने थांबले यावरून कारण ठरवू नये. दुखणे कोणाला झाले, कधीपासून सुरू झाले, कसे वाटले आणि सोबत काय होते, हे त्याहून कितीतरी उपयोगाचे असते.

आता रात्रीच का, हा प्रश्न. झोपेत हृदय निवांत असते असा समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे परत येते, हृदयाच्या कप्प्यांत भरणारे रक्त वाढते आणि भिंतीवरचा ताणही वाढतो. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत किंवा ज्यांचे हृदय आधीच थकलेले आहे, त्यांना एवढ्यानेही आडवे असताना कळ येऊ शकते. स्वप्ने पडण्याच्या झोपेत नाडी आणि रक्तदाब अचानक चढउतार करतात. पहाटेकडे शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते, तेव्हा रक्तदाब वाढवणारी संप्रेरके वाढतात आणि रक्तातील गुठळी होण्याची प्रवृत्तीही वाढते. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या काळात जास्त येतात, हे गेली चार दशके माहीत असलेले निरीक्षण आहे. रात्री अडीचला सुरू झालेली कळ ‘उजाडल्यावर बघू’ म्हणून ढकलणे म्हणजे रुग्णाला नेमक्या त्याच वेळेकडे ढकलणे होय.

याशिवाय एक प्रकार असा आहे, की ज्यात दिवसाचा ईसीजी अगदी स्वच्छ येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीचा स्नायू अचानक आवळला जातो, रक्त थांबते, तीव्र कळ येते, आणि काही मिनिटांनी तो सैल झाला की सारे पूर्ववत होते. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ प्रिंझमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली या प्रकाराचे वर्णन केले. तो बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळेत, विश्रांतीत असतानाच येतो, दिवसा श्रम केले तरी सहसा येत नाही, आणि विडी-सिगारेट हे त्याचे ठळक कारण आहे. वडिलांना दिवसा कुळागरात चढताना काही होत नाही ही गोष्ट घरच्यांना दिलासा देणारी वाटते, पण या प्रकारात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुखणे चालू असतानाचा ईसीजीच येथे खरा बोलतो. दुखणे ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी त्या वेळी हृदय ठीक होते एवढेच सांगतो.

घोरणाऱ्या, स्थूल माणसांच्या बाबतीत आणखी एक कारण लक्षात ठेवावे. घशाचा मार्ग झोपेत वारंवार बंद होऊन श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातील प्राणवायू घसरतो, मग मोठ्या घुरकाऱ्यासह श्वास परत सुरू होतो. असे रात्रभर चालले, तर रक्तदाब चढतो आणि अरुंद रक्तवाहिनीच्या हृदयाला प्राणवायू अपुरा पडतो. याची माहिती रुग्णाला बहुधा नसते, ती शेजारी झोपणाऱ्याला असते. म्हणून अशा रुग्णाच्या तपासणीला पत्नीने बरोबर यावे, असा माझा आग्रह असतो.

हृदयाचा पंप कमजोर झाल्यावर येणारी रात्रीची घुसमट निराळी असते. माणूस झोपल्यावर तासा-दोन तासांनी धडपडून उठतो, खाटेच्या काठावर पाय सोडून बसतो, खिडकी उघडायला सांगतो, खोकला येतो, आणि दहा-वीस मिनिटांनी श्वास जाग्यावर येतो. त्यात छातीत दुखण्यापेक्षा दम लागणे जास्त असते. मी अशा रुग्णांना छातीविषयी विचारण्याआधी दोन साध्या गोष्टी विचारतो: हल्ली किती उशा लागतात, आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर रुततो का. उशा एकावरून तीनवर गेल्या असतील, तर ते उत्तर बऱ्याच कागदांपेक्षा बोलके असते.

येथे गोव्याच्या संदर्भात एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. ‘रात्रीचे दुखणे’ म्हटले की आपण झोपलेला माणूस डोळ्यांसमोर आणतो. पण पदेर (पाववाला) रात्री भट्टीपाशी पीठ मळत आणि फावडे चालवत असतो, ट्रॉलरवरचा खलाशी जाळे ओढत असतो, हॉटेलातला मुलगा पहाटेपर्यंत पायांवर असतो. त्यांना रात्री तीनला छातीत भरून आले, तर ते विश्रांतीतले नव्हे, श्रमातले दुखणे असते, आणि त्याचा अर्थ वेगळा लावायचा असतो. श्रमाने येणारी आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत जाणारी कळ हे अंजायनाचे सर्वांत ओळखीचे रूप आहे. ‘रात्री दुखते, बहुतेक जागरणाचे पित्त’ एवढे सांगून असा माणूस गोळी मागतो आणि डॉक्टरनेही काम काय करतोस हे विचारले नाही, तर निदान हातातून निसटते. म्हणून घड्याळात किती वाजले यापेक्षा त्या क्षणी तुम्ही काय करत होता, हे आधी सांगावे.

दुखण्याचे वर्णन करताना लोक हाताने काय करतात, याकडेही मी लक्ष देतो. हृदयाचे दुखणे सांगणारा माणूस बहुधा छातीच्या मधोमध मूठ किंवा सबंध पंजा ठेवतो आणि ‘दुखते’ हा शब्द टाळून ‘आवळल्यासारखे’, ‘दगड ठेवल्यासारखे’, ‘भरून आल्यासारखे’ म्हणतो. ते डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात किंवा पाठीत उतरते, आणि सोबत दरदरून घाम, मळमळ किंवा दम असतो. एका बोटाने ‘येथे, अगदी येथेच’ असे दाखवता येणारी, क्षणभर चमकून जाणारी कळ हृदयाची असण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. मधुमेहात संवेदना वाहणाऱ्या नसा बोथट होतात, त्यामुळे मोठा झटका येऊनही कित्येकांना नुसता घाम, अशक्तपणा किंवा दम जाणवतो. स्त्रियांमध्ये आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांतही हीच अडचण असते. आजीला मध्यरात्री कारण नसताना घाम सुटला, ओकारी झाली आणि ‘जीव घाबरा होतो’ असे ती म्हणाली, तर साखर जरूर तपासावी, पण साखर ठीक निघाली म्हणून झोपी जाऊ नये, ईसीजी काढावा.

हृदयाबाहेरची दोन कारणे विरळ, पण जिवावर बेतणारी आहेत. महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीचा, आतला थर फाटला, तर दुखणे पहिल्याच क्षणी कमाल तीव्रतेचे असते, फाडल्यासारखे वाटते आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये जाते. हा रुग्ण बहुधा जुन्या, नीट ताब्यात नसलेल्या रक्तदाबाचा असतो, आणि त्याला ॲस्पिरिन देणे घातक ठरू शकते. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर अचानक दम लागतो आणि श्वास आत घेताना टोचते. अलीकडची शस्त्रक्रिया, प्लास्टरमधला पाय, लांबचा प्रवास, बाळंतपण किंवा एकाच पोटरीची सूज ही तिची पार्श्वभूमी असते. दोन्ही प्रसंगी घरात करण्यासारखे काही नसते. न्युमोनिया आणि फुप्फुसाच्या आवरणाचा दाह यांत ताप व खोकला वाट दाखवतात. हृदयाच्या आवरणाच्या दाहात आडवे झाले की टोचते आणि पुढे वाकून बसले की कमी होते. तो बहुधा तरुणांत, सर्दी-तापानंतर आठवडाभराने दिसतो.

आता पित्ताकडे वळतो, कारण रात्रीच्या दुखण्यात त्याचा वाटा खरोखरच मोठा आहे, आणि आपल्या जेवणाच्या वेळा त्याला हातभार लावतात. अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल पडली, की जठरातले आम्ल वर येते. दिवसा आपण सतत लाळ गिळत असतो आणि शरीर उभे असते, त्यामुळे आम्ल चटकन खाली धुतले जाते. झोपेत लाळ आटते, गिळणे जवळजवळ थांबते आणि शरीर आडवे असते, म्हणून तेच आम्ल अन्ननलिकेत बराच वेळ रेंगाळते. रात्री दहा-साडेदहाला नारळाच्या वाटपाची शाकुती, भात आणि वर दोन पेग घेऊन अकराला आडवे होणाऱ्या माणसाच्या जठरात रात्री दोनलाही जेवण शिल्लक असते. चरबीने जठर सावकाश रिकामे होते आणि मद्याने झडप सैल होते, मग ते मद्य व्हिस्की असो वा ‘घरची, शुद्ध’ म्हणून औषधासारखी घेतलेली फेणी. चतुर्थीच्या आणि जत्रांच्या दिवसांत, नाटक संपवून मध्यरात्रीनंतर जेवण्याची वेळ येते तेव्हा, अशा तक्रारी वाढलेल्या दिसतात. घशाशी आंबट येणे, तोंडात पाणी सुटणे, सकाळी आवाज बसणे, वाकल्यावर जळजळणे ही आम्लपित्ताची खूण होय. काही जणांत अन्ननलिकेचा स्नायूच आवळतो आणि तेव्हाची कळ अंजायनाची हुबेहूब नक्कल करते. अशा वेळी निदान अनुभवाने होत नाही, तपासणीने होते, हे मी इतकी वर्षे रुग्ण पाहूनही सांगतो.

अन्ननलिकेचेच एक कारण सहज टाळता येण्यासारखे आहे आणि तरीही दर पावसाळ्यात भेटते. मुरमांसाठी किंवा शेतात पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल दिली जाते. माणूस ती झोपताना आठवण झाल्यावर घोटभर पाण्याबरोबर गिळतो आणि लगेच आडवा होतो. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तेथे विरघळते आणि आतल्या त्वचेला जखम करते. रात्री छातीच्या मध्यात भाजल्यासारखे दुखून जाग येते, आणि दुसऱ्या दिवशी पाणी गिळतानाही दुखते. हाडे ठिसूळ झाल्यावर देतात त्या अलेंड्रोनेटच्या गोळीनेही असेच होते. अशा गोळ्या पेलाभर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये.

उरलेली कारणे थोडक्यात सांगतो. बरगडी आणि छातीचे मधले हाड यांच्या सांध्याला सूज आली, तर कुशीवर वळताना दुखते आणि बोटाने दाबल्यावर तेच दुखणे परत येते. मात्र दाबल्यावर दुखते म्हणून हृदयाची शंका मिटली असे साठीच्या माणसाबाबत म्हणू नये. पित्ताशयातील खड्यांचे दुखणे उजव्या बाजूला, तेलकट जेवणानंतर काही तासांनी सुरू होते आणि तासन् तास टिकते. नागीण उठण्याआधी दोन-तीन दिवस छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, पुरळ मागाहून येते. भीतीचा झटका झोपेतूनही उठवतो: धडधड, हातापायांना मुंग्या, मरणाची भीती, आणि दहाएक मिनिटांत शिखर गाठून उतरण. पण ‘टेन्शन आहे’ हे निदान शेवटी करायचे असते, पहिल्यांदा नव्हे. तरुण स्त्रीच्या छातीतल्या दुखण्यावर घरचे आणि कधी कधी डॉक्टरही हे लेबल फार लवकर लावतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरा प्रश्न. रात्री छातीत दाबल्यासारखे होऊन जाग आली आणि सोबत घाम, दम, ओकारी, चक्कर, हात-जबड्यात उतरणारी कळ यांपैकी काहीही असेल, तर एक मिनिटही न थांबता १०८ला फोन करावा. सोबत काही नसेल पण दुखणे पाच मिनिटांत उतरत नसेल, तरीही तेच करावे. ज्याला मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीची अँजिओप्लास्टी किंवा विडी-सिगारेटचे व्यसन आहे, त्याच्याबाबत पाच मिनिटांची सवलतही घेऊ नये. रुग्णाला उशांना टेकून अर्धवट बसवावे, चालू देऊ नये, जिना उतरू देऊ नये, संडासाला एकट्याने जाऊ देऊ नये. छातीला बाम चोळणे, पाठीवर थापट्या देणे, जोरजोराने खोकायला लावणे यांत वेळ घालवू नये. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नये, ती हृदयालाही वाईट आणि जठरालाही.

ॲस्पिरिनविषयी बरेच अर्धवट ज्ञान फिरते, म्हणून नेमके सांगतो. माणूस शुद्धीवर आहे, ॲस्पिरिनची ॲलर्जी नाही, काळी शी किंवा रक्ताची उलटी झालेली नाही, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध चालू नाही आणि दुखणे फाडल्यासारखे पाठीत जात नाही, अशा स्थितीत ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून गिळावे. घरात ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील, तर चार. १०८वरील माणसाला किंवा डॉक्टरला फोनवर विचारून दिले तर उत्तम, पण शंका असेल तर न देता रुग्णाला लवकर पोहोचवणे अधिक महत्त्वाचे. सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या कपाटातून आणून देऊ नये. रक्तदाब आधीच खाली असेल, तर तिने तो धोकादायक पातळीवर जातो, आणि माणसाने आदल्या दिवशी सिल्डेनाफिल किंवा गेल्या दोन दिवसांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक दुर्बलतेवरची औषधे) घेतले असेल, तर ती जीवघेणी ठरू शकते. लाजेमुळे ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्यामुळे ती विचारायची जबाबदारी देणाऱ्याची. ज्याला डॉक्टरांनी आधीच ही गोळी लिहून दिली आहे, त्याने बसून एक गोळी जिभेखाली ठेवावी आणि पाच मिनिटांत आराम नसेल तर १०८ला फोन करावा.

फोनवर गावाच्या नावाआधी वाडा सांगावा आणि जवळची खूण सांगावी: देऊळ, खुरीस (क्रूस), पदेराची भट्टी, पंचायतघर. कुळागराच्या आत असलेल्या घरांची वाट रात्री गाडीच्या चालकाला सापडत नाही, म्हणून घरातल्या एकाने टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभे राहावे, दुसऱ्याने कुत्रा बांधावा, बाहेरचा दिवा लावावा आणि दार उघडे ठेवावे. औषधांच्या चिठ्ठ्या, जुने ईसीजी आणि आधार कार्ड एका पिशवीत आधीच भरून ठेवावे. दिवाडीसारख्या ठिकाणी, जेथे फेरीबोटीवर अवलंबून राहावे लागते, तेथे पेशंट बेटावर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. गाडी लवकर येणार नाही असे कळले, तर दुसऱ्याने गाडी चालवून रुग्णाला न्यावे. रुग्णाने स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. आणि माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास घेत नाही किंवा नुसते आचके देतो आहे, असे दिसले तर त्याला जमिनीवर पाठीवर निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. फोन स्पीकरवर ठेवावा, १०८वरून सूचना मिळतात.

कोठे न्यायचे, याबाबत लोकांची एक ठाम समजूत आहे, की हृदयाचे म्हणजे थेट बांबोळी, अर्थात गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे (गोमेकॉचे) इस्पितळ. फोंड्याहून ते एक वेळ ठीक, पण काणकोण, सांगे किंवा सत्तरीच्या आतल्या गावाहून निघालेल्या रुग्णाचा पहिला ईसीजी तासाभराने निघावा, हे योग्य नाही. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यासाठी असलेल्या राज्यातील स्टेमी प्रकल्पाखाली तालुक्याच्या केंद्रात काढलेला ईसीजी हृदयरोगतज्ज्ञांकडे लगेच पाठवून, गरज असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देऊन रुग्णाला पुढे गोमेकॉत हलवण्याची पद्धत आहे. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. म्हणून चोवीस तास ईसीजी निघणारे सर्वांत जवळचे सरकारी केंद्र किंवा इस्पितळ कोणते, हे आज दिवसाउजेडी शोधून ठेवावे आणि १०८चे कर्मचारी जेथे नेतील तेथे जावे. तेथे पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघणे अपेक्षित असते. तो नॉर्मल आला आणि दुखणे चालू असेल, तर तो थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन पहिल्या तासा-दोन तासांत सापडेलच असे नसते, म्हणून ती तपासणीही काही तासांनी पुन्हा केली जाते. ‘एकदा काढला, नॉर्मल आला, घरी आलो’ हे वाक्य मला म्हणूनच अस्वस्थ करते. थांबायला सांगितले, तर थांबावे.

या वडिलांबाबत आता नेमके. त्यांना आज नेताना मधुमेह आणि विश्रांतीतले दुखणे हे दोन शब्द पहिल्याच वाक्यात यावेत. ‘पित्त होते’ हा आपला निष्कर्ष मागे ठेवावा, कारण गर्दीच्या ओपीडीत रुग्णाने सांगितलेले निदानच कागदावर उतरण्याचा संभव असतो. प्रत्येक वेळची तारीख, वेळ, किती मिनिटे टिकले, रात्री काय व केव्हा जेवले, घाम आला का, हे एका कागदावर लिहून न्यावे. अशा नव्या, विश्रांतीतल्या दुखण्यात रुग्णाला ट्रेडमिलवर पळवत नाहीत. आधी ट्रोपोनिन आणि इको पाहून, बहुधा भरती करून, अँजिओग्राफीचा निर्णय घेतला जातो. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास किंवा मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले असल्यास ते अँजिओग्राफीआधी आवर्जून सांगावे. रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या आणि रात्रीचे दुखणे चालूच राहिले, तर चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारे यंत्र) आणि घोरत असतील तर झोपेची तपासणी या पुढच्या पायऱ्या.

इस्पितळाचे नाव नको म्हणणाऱ्या वडिलांशी ‘तुम्हाला हार्टचा त्रास आहे’ असे भांडण करण्यात अर्थ नाही, कारण ते तुम्हालाही माहीत नाही. ‘पित्तच आहे हे एकदा कागदावर येऊ दे, मग आम्ही बोलणार नाही’ या वाक्याने अशी माणसे उठतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या वयाचा मित्र किंवा मोठा भाऊ बरोबर आला, तर काम आणखी सोपे होते.

हृदयाच्या तपासण्या निर्विवाद ठीक आल्या, तरच आम्लपित्ताचा उपचार मनापासून सुरू करावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा तास, ठरलेल्या मुदतीपर्यंत रोज घ्यावी, दुखेल तेव्हा नव्हे. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास, म्हणजे आठच्या सुमारास आटोपावे. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते आणि आम्ल उलट वर ढकलले जाते. डाव्या कुशीवर झोपावे. आठ आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मध्येच गिळताना अडकू लागले, वजन उतरू लागले, शी काळी झाली, हिमोग्लोबिन घसरले, तर एंडोस्कोपी करून घ्यावी. आणि या उपचारादरम्यान एखाद्या रात्री दुखण्याचे रूप बदलले, घाम फुटला किंवा कळ हातात उतरली, तर मागचे नॉर्मल रिपोर्ट उशीखाली असले तरी १०८ला फोन करावा.